दाराच्या बाहेरची पट्टी बदलताय? आधी या चुका टाळा

बाहेरच्या दाराच्या चौकटीभोवती जी पट्टी असते, कोणी मोल्डिंग म्हणतं कोणी बीडिंग, ती खालून कुजली की माणूस नवीन आणतो, ठोकतो, रंग मारतो आणि दोनेक वर्षांत परत तीच कथा. कारण पट्टी बदलली पण पाणी कुठून शिरतंय ते बघितलंच नाही.

पहिली गडबड काढतानाच होते. कटावणी घातली की लगेच ओढायची नाही हो! जुना रंग आणि सीलंट (फटी बुजवायची चिकट पेस्ट) भिंतीला घट्ट धरून बसलेले असतात, आधी कटरने दोन्ही कडांना चीर मारा, नाहीतर पट्टीबरोबर प्लास्टरचे पोपडे येतात. कटावणीच्या मागे फळीचा तुकडा ठेवला की भिंतीला खड्डा पडत नाही. आणि रंग फार जुना असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, ओला करून घासा आणि मास्क लावा.

पट्टी निघाली की स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि मागची चौकट खालपासून वर टोचत जा. टोक सहज आत गेलं तर चौकटच कुजलीय, वर नवीन पट्टी लावणं म्हणजे फोडावर पावडर.

आता सगळ्यात मोठी चूक, पट्टी थेट जमिनीला टेकवणं. दिसायला एकदम छान दिसतं, मान्य, पण लाकडाचं कापलेलं टोक म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. एकदा करून बघा, पट्टीच्या सपाट बाजूवर पाण्याचा थेंब टाका, तो तसाच गोल बसून राहतो, कापलेल्या टोकावर टाका, बघता बघता गायब. म्हणून खाली ६ ते १० मिमी फट सोडायची आणि ती सीलंटने बुजवायची पण नाही. कापलेल्या प्रत्येक टोकाला आणि मागच्या बाजूलाही लावण्याआधीच प्रायमर, टोकांना दोन हात. (मागची बाजू कोण बघणार म्हणून सगळेच सोडतात, ओल मात्र नेमकी तिथूनच येते.)

कोपऱ्यांचं म्हणाल तर ४५ अंशाच्या जोडाचा हट्ट बाहेर नको. मी पहिल्यांदा तोच केला, वर दोन्ही तुकडे एकाच दिशेला कापून बसलो ते वेगळंच, पण नीट जमलेला दुसरा जोडही वर्षभरात उघडला कारण लाकूड रुंदीत फुगतं-आक्रसतं. उभ्या पट्ट्यांवर आडवी पट्टी सरळ ठेवा, पाणी जोडात थांबत नाही. दोन्ही उभ्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजा, चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, असेलच असं नाही. आणि पट्टी चौकटीच्या आतल्या कडेपासून ५-६ मिमी मागे, नाहीतर बिजागरीला अडते.

खिळे साधे लोखंडी नकोत, गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेली) पट्टी बाहेर लावूच नका, फुगून बिस्किटासारखी होते. सिलिकॉनवर रंग धरत नाही, त्यामुळे रंग मारायचा असेल तर पाकिटावर बघून रंग धरणारं ॲक्रिलिक सीलंट घ्या.

लावून झाल्यावर काही बिघडलं तर बघा:

रंगाला फोड आलेत? मागून ओल येतेय, वरून परत रंग मारून काही होणार नाही, आडव्या पट्टीच्या वर भिंतीशी फट राहिलीय का ते आधी बघा. वर छप्पर नसेल तर तिथे बाहेर उतार असलेली पत्र्याची पट्टी बसवा, पत्रा भिंतीत खोचलेला हवा आणि त्याची पुढची खालची कड मोकळी.

तपकिरी ओघळ दिसतायत? खिळे गंजलेत. बदला, नाहीतर डाग रंगातून परत वर येणार.

दार अचानक घासायला लागलं? बहुतेक चौकट आणि भिंतीमधल्या फटीत फवारायचा फोम जास्त भरलाय, तो फुगतो आणि चौकट आत ढकलतो. दारं-खिडक्यांसाठीचा कमी फुगणारा फोम मिळतो, तो वापरायचा आणि भरताना दार बंद ठेवायचं. आता भरलाच असेल तर पट्टी परत काढा, सुकलेला फोम कटरने कापून काढा आणि चौकट सरळ झाली का लेव्हल लावून बघा, मग पट्टी परत ठोका.