तालुक्याच्या इतिहासकाराकडे जाताना: भेट कशी घ्यावी, पुस्तकं कशी जपावीत

जवळपास प्रत्येक तालुक्यात असा एखादा माणूस असतो. शाळेत मास्तर म्हणून नाहीतर तलाठी म्हणून नोकरी केली, सुट्टीच्या दिवशी सायकलवर गावं पालथी घातली, देशमुख-देशपांड्यांच्या माळ्यावरून कागद उतरवले आणि त्यातून दोन-तीन पुस्तकं पदरमोड करून छापली. आता वय ऐंशीच्या पुढे. दोन खोल्या पुस्तकांनी भरलेल्या, मुलं पुण्या-मुंबईला. घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्यानंतर पसारा आवरायला निघतो, आणि त्या पसाऱ्यात पहिल्यांदा रद्दीवाल्याला हाक जाते. कुणाचा दुष्टावा नसतो. कोणतं पुस्तक काय आहे हे सांगणारा माणूसच उरलेला नसतो, एवढंच.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्याला वारले. त्यांच्या पश्चात धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं आणि त्यांचा संग्रह सांभाळला. तालुक्याच्या गुरुजींसाठी मंडळ उभं राहणार नाही, पण दोन-तीन माणसांनी मनावर घेतलं तर काम होतं. कृष्णाकाठच्या एका गावात अशाच एका गुरुजींकडे मी चार वर्षं जाते आहे. तिथे जे शिकले ते क्रमाने सांगते. क्रम मोडू नका, कारण बहुतेक नुकसान घाईत पुस्तकं हलवल्यानेच होतं.

१. जाण्याआधी

त्यांचं निदान एक पुस्तक वाचून जा. मिळत नसेल तर गावच्या वाचनालयात बघा, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचा लेख हमखास सापडतो. ‘तुमची मुलाखत घ्यायची आहे’ असं सांगून जाऊ नका, माणूस अवघडतो. त्यापेक्षा एखादा खराखुरा प्रश्न घेऊन जा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या शिवेवरच्या वीरगळाचा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचा, मोठा छापलेला फोटो नेला होता. गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांशी धरला, आणि पुढचा पाऊण तास मला काही विचारावंच लागलं नाही.

फोन आधी घरातल्यांना करा. औषधं, झोप, पथ्य सुनेला नाहीतर लेकीला माहीत असतं. सकाळी दहा ते साडेअकरा ही वेळ बरी. जेवणानंतर जाऊ नये. तासाभराने आपणहून उठावं, ते ‘बसा हो’ म्हणाले तरी. ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा.

२. पहिल्या भेटीत एकही पुस्तक बाहेर नेऊ नका

त्यांनी आग्रह केला तरी नको. गुरुजींनी मला एक दोनशेपानी वही दाखवली होती. पट्टीने उभ्या रेघा मारून रकाने पाडलेले: तारीख, पुस्तक, कोणी नेलं, परत आलं. शेवटचा रकाना पानंच्या पानं कोरा. पीएचडी करणारे, वर्तमानपत्रवाले, ‘दोन दिवसांत आणून देतो’ म्हणणारे गावातले पुढारी, सगळे त्यात होते. वही मिटताना ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी मी ठरवलं, जे करायचं ते त्याच खोलीत बसून करायचं.

३. आधी आठवणी, मग धूळ

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून ध्वनिमुद्रण सुरू करा, अर्थात परवानगी घेऊन. त्यासाठी मोबाइल पुरतो. तो विमान मोडवर टाका, घडी केलेल्या रुमालावर ठेवा, नाहीतर टेबलावर ठेवलेल्या कपाचा आवाज घणासारखा येतो. पंखा बंद करता आला तर उत्तम. सुरुवातीला तारीख, गाव आणि खोलीत कोण कोण आहे हे बोलून घ्या.

‘तुमचा जीवनप्रवास सांगा’ म्हटलं की ठरलेलं भाषण ऐकायला मिळतं. त्याऐवजी फळीवरून एक पुस्तक काढून त्यांच्या हातात द्या आणि विचारा, ‘गुरुजी, हे कुठून आलं?’ हातात वजन आलं की आठवण येते. कोणत्या वाड्यातून, कोणाच्या हस्ते, कोणत्या वर्षी, किती रुपयांना, बदल्यात काय दिलं. ही माहिती कुठेही छापलेली नसते. एका देवस्थानाच्या आठ पानी माहात्म्यपुस्तिकेवर आम्ही चाळीस मिनिटं घालवली, कारण ती छापणाऱ्या गुरवांचं घराणंच पुढे गाव सोडून गेलं होतं.

४. हलवण्याआधी फोटो

पुस्तकांची मांडणी गबाळी दिसली तरी ती त्यांची असते. एका गावाचे कागद, त्या घराण्याचा कुलवृत्तांत आणि जुनं पंचांग शेजारी शेजारी असतील तर त्यालाही कारण असतं. म्हणून प्रत्येक कपाटाला अक्षर द्या, फळीला वरून खाली आकडा द्या आणि फळीचा सरळ समोरून फोटो काढा. मगच हात लावा.

नोंदवहीत रकाने हे ठेवा: अनुक्रमांक, कपाट-फळी, नाव, लेखक, प्रकाशक व गाव, साल, पानं, अवस्था, कोणाकडून आलं, शेरा. साल जसं छापलंय तसंच लिहा. शके असेल तर शके, आणि इसवी सन वेगळ्या रकान्यात. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो, वर्षअखेरच्या महिन्यांना ७९. मोडी कागदांवर सुहूर सन (जुन्या मराठी दप्तरांतली कालगणना) असेल तर जून ते डिसेंबर ५९९ आणि जानेवारी ते मे ६०० मिळवायचे, कारण ते वर्ष मृगाला पालटतं. हे गणित घाईत चुकतं, म्हणून मूळ आकडा कधीही गाळू नये.

पुस्तकावर क्रमांक पेन्सिलीनेच, मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर. बॉलपेन नको, चिकटपट्टीचं लेबल तर नकोच. आम्ही दोघीजणी बसलो की दिवसाला पन्नास-साठ पुस्तकांची नोंद व्हायची.

पानांत सापडेल ते फेकू नका. लग्नपत्रिकेच्या पाठीवर शिलालेखाची नक्कल असते. गुरुजींच्या एका पुस्तकात एसटीचं तिकीट खूण म्हणून होतं, त्यावर पेन्सिलीने एका बारवेची (पायऱ्यांच्या विहिरीची) मापं. समासात लाल शाईने: ‘वार जुळत नाही, जंत्री पाहा.’ (जंत्री म्हणजे तिथी-तारखांचा मेळ देणारं कोष्टक.) अशी चिठ्ठी आधी जागेवरच फोटोत घ्या, मग साध्या कागदाच्या पाकिटात घालून वर पान क्रमांक लिहा आणि पाकीट पुस्तकाजवळच ठेवा.

५. आधी काय वाचवायचं?

इथे मन घट्ट करावं लागतं. जाडजूड, सोनेरी अक्षरांच्या पुस्तकांकडे नजर आधी जाते, पण सरदेसायांची ‘मराठी रियासत’ किंवा इंग्रजी अमदानीतली जिल्हा गॅझेटियरं इतरत्रही मिळतात. धोक्यात असतात ती पातळ पुस्तकं: गावच्या जत्रेची पुस्तिका, सहकारी सोसायटीचा अहवाल, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक, दोनशे प्रती छापलेला कुलवृत्तांत, तमाशा मंडळाचं हँडबिल. यांची दुसरी प्रत कदाचित जगात नाही. त्याहून वर गुरुजींच्या स्वतःच्या वह्या, टिपणं आणि पत्रव्यवहार. सगळ्यात आधी हात त्यांना लावा.

६. साफसफाई

लागतं फार थोडं: रंगाऱ्याकडचा दोन इंची मऊ ब्रश, नाकाला मास्क, जुनी स्वच्छ धोतरं, पांढरी सुती नाडी. काम ओसरीवर करा, गुरुजी झोपतात त्या खोलीत नको. पुस्तक घट्ट मिटून धरा, वरची कड पुठ्ठ्याच्या पाठीकडून बाहेरच्या बाजूला झाडा. ओलं फडकं लावू नका. ‘उन्हं दाखवायची’ सवय आपल्याकडे आहे, पण कडक उन्हात कागद ठिसूळ होतो आणि शाई उडते. सावलीत, वाऱ्यावर, पानं किंचित उघडून ठेवा.

किडीच्या खुणा ओळखायला शिका. कसर पानाचा वरचा थर आणि बांधणीची खळ खरवडते, त्यामुळे अक्षरं पुसट, खरडल्यासारखी दिसतात. पुस्तकातला किडा सुईने टोचल्यासारखी गोल भोकं आरपार पाडतो. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, मग त्या दिवशी पुस्तकांचं काम थांबवा, कपाट भिंतीपासून ओढा आणि वाळवीचा बंदोबस्त करणारा माणूस बोलवा. किडा जिवंत असल्याची शंका असली तर छापील पुस्तक हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवता येतं. बाहेर काढल्यावर एक पूर्ण दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. हस्तलिखितांवर हा प्रयोग घरी करू नका.

डांबरगोळ्यांचा वास म्हाताऱ्या माणसाच्या छातीला वाईट. जुन्या पोथ्यांत वेखंड असायचं, तीच रीत बरी. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवून, कापडी पुरचुंडीत. ओला पाला म्हणजे बुरशीला आमंत्रण. कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा, आणि सगळ्यात खालची फळी पावसाळ्यात रिकामी ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं आणि दीडशे वर्षांहून जुन्या त्या वाचनालयाचं केवढं नुकसान झालं, हे कोकणातले वाचक विसरलेले नाहीत.

फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका. पाचेक वर्षांत तो पिवळा पडतो आणि अक्षरासकट सुटतो. फेव्हिकॉल नको, लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, रबरबँड काढून टाका, सुटलेलं पुस्तक नाडीने बांधा. बाकीची दुरुस्ती जाणकाराला करू द्या.

७. मोडी कागद असतील तर

ते बहुधा लाल कापडाच्या रुमालात बांधलेले असतात. एकेक रुमाल एकेका दिवशीच सोडा आणि आतला क्रम जसाच्या तसा ठेवा. जुनी काळी शाई काजळीची, पाण्याचा थेंब पडला तरी पसरते. कागद तिरका धरला तर अक्षरांवर बारीक चकाकी दिसते, ती शाई सुकवायला टाकलेली वाळू. ब्रशने ती झाडून टाकू नका. दुमड ताठर असेल तर जोर लावू नका, तशीच राहू द्या. वाचायला येत नसलं तरी फोटो काढता येतात. मोडी जाणणारी माणसं प्रत्येक जिल्ह्यात आहेत, पुराभिलेख खात्याचे वर्गही होतात.

८. प्रती

मोबाइलने चालेल. खिडकीचा उजेड बाजूने यावा, फ्लॅश नको, मोबाइल पानाला समांतर. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय. मुखपृष्ठ, कोरी पानं, जाहिराती, समासातल्या टिपा सगळं घ्या. फाइलचं नाव नोंदवहीतल्या अनुक्रमांकाने सुरू करा. प्रती दोन हार्डडिस्कवर, आणि त्या दोन वेगळ्या गावांत.

महाजालावर चढवण्याआधी लेखकाचा हक्क (कॉपीराइट) तपासा. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. गुरुजींच्या स्वतःच्या पुस्तकांसाठी त्यांची सही असलेलं साधं पत्र पुरतं. ते आज घ्या. पुढे वारस चार असतात आणि चौघे चार देशांत.

९. संग्रह द्यायचा झाला तर

हा विषय तुम्ही काढू नका, त्यांना काढू द्या. घरातल्यांना सोबत बसवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, पण सगळंच पुण्याला जायला हवं असं मला वाटत नाही. कागद ज्या मातीतले तिथेच वाचणारे तयार व्हावेत. मोडी आणि दुर्मीळ ते संशोधन संस्थेला, छापील ते जवळच्या चांगल्या वाचनालयाला, अशी वाटणी बऱ्याचदा बरी पडते.

मात्र लेखी काही घेतल्याशिवाय देऊ नका. मी एकदा एका जुन्या वकिलांची तीन खोकी एका वाचनालयात पोचवली, पावती मागितली नाही. दीड वर्षाने गेले तर खोकी तशीच गच्चीच्या खोलीत, तळाचं खोकं भिजून लगदा झालेलं. ती चूक मला आजही बोचते. तेव्हापासून पत्रात चार गोष्टी लिहून घेते: दाखल नोंदवहीत किती दिवसांत नोंद होईल, संग्रह एकत्र राहील का, निर्लेखन करायचं, म्हणजे पुस्तकं संग्रहातून काढून टाकायची झाली तर आधी घरच्यांना कळवतील का, आणि वाचकांना तो बघता येईल का. पत्राला नोंदवहीची प्रत जोडा आणि पानोपानी सह्या घ्या. तसंच, ७५ वर्षांहून जुन्या ऐतिहासिक हस्तलिखिताला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, ते देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशातल्या मुलांना वेळेवर सांगा.

१०. यादी त्यांना वाचून दाखवा

नोंद पूर्ण झाली की ती मोठ्या अक्षरात छापून, शिवून घ्या आणि दोन-तीन सकाळी त्यांच्याजवळ बसून सलग वाचा. शेवटची भर इथे पडते. गुरुजींनी मला ब कपाटाच्या तिसऱ्या फळीवर थांबवलं. ‘याच्या उजव्या हाताला एक होतं. निळं. पोवाड्यांचं.’ मी ती दोनशेपानी वही मागितली. १९८७ च्या पानावर ते होतं, नेणाऱ्याच्या नावासकट. तेव्हा प्रत्येक फळीच्या नोंदीखाली चार ओळी कोऱ्या ठेवा. नेलेल्या, न आलेल्या पुस्तकांनाही अनुक्रमांक द्या, आणि ज्यांची नावं वहीत आहेत त्यांना एकेक फोन करा. आमची आजवर सहा परत आली.