पट्ट्या द्रावणात सोडण्याआधी: पोलादाच्या गंज-चाचणीची तयारी

माइल्ड स्टीलच्या (कमी कार्बनच्या साध्या पोलादाच्या) निदान सात पट्ट्या एकाच पत्र्यातून कापून घ्या. तीन उघड्या, तीन इपॉक्सीच्या लेपाच्या आणि एक तुलनेसाठी कोरी, जी चाचणीच्या द्रावणात जाणारच नाही. 50 × 25 × 3 मिमी हे माप सोयीचं. टांगायचं भोक आणि पंचचा नंबर आत्ताच उरकून घ्या. कापताना ताणलेल्या कडेला गंज आधी धरतो, म्हणून कडा कानशीने उतरवा, मग पूर्ण पट्टी 120 नंबरच्या एमरीने घासा. अ‍ॅसिटोनने धुतल्यावर उघड्या बोटांनी शिवू नका. घामातल्या मिठाचा ठसा हमखास गंजून उठतो. वाळवून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा आणि 0.1 मिग्रॅपर्यंत वजन नोंदवा.

अशा पट्टीचं क्षेत्रफळ सुमारे 29.5 चौ. सेमी भरतं. दर चौ. सेमीला किमान 20 मिली द्रावण हवं, म्हणजे प्रत्येक पट्टीला स्वतंत्र बीकर आणि 600 मिली. यात कंजूषी केली की लोह साचून द्रावणच बदलतं आणि शेवटी मोजता ते भलत्याच द्रावणातलं. मिठाचं 3.5 टक्के द्रावण म्हणजे 35 ग्रॅम मीठ, 965 ग्रॅम डिस्टिल्ड पाणी. आम्ल असेल तर आम्ल पाण्यात ओता, उलट कधीच नाही. आम्लात पट्टीवर हायड्रोजन सुटतो, तेव्हा फ्यूम हूड (वायू बाहेर ओढणारं कपाट) लागेल आणि झाकण घट्ट नको. टांगायला नायलॉनचा दोरा वापरा. तांब्याची तार लावलीत तर विद्युत-रासायनिक जोडी जमून स्टील जास्त झपाट्याने झिजतं. पट्टी पूर्ण बुडालेली हवी.

लेपाच्या पट्ट्यांकडे खरं लक्ष द्या. ओला लेप धारदार कडेवरून मागे सरकतो आणि नेमका तिथेच पातळ राहतो, म्हणून कडा गोल करा, कडांना आणि भोकाच्या आत ब्रशने आधी एक हात मारा. दोन घटकांचं इपॉक्सी डब्यावरच्याच प्रमाणात मिसळा. हाताला कोरडं लागलं म्हणजे पक्कं झालं असं नाही, साधारण सात दिवस थांबा. दोन्ही बाजूंना पाच-पाच ठिकाणी जाडी मोजा. एका बाजूला धातूपर्यंत जाणारी चीर पाडा. या पट्ट्यांच्या वजनावर विसंबू नका, लेप पाणी पितो आणि वजन उलट वाढतं. फोड आणि चिरेपासून आत सरकलेला गंज मोजायचा, म्हणून फोटो आधीचेही हवेत.

पट्ट्या द्रावणात किती तास ठेवायच्या ते ठरवायला 50 ला अपेक्षित झिजेने (मिमी/वर्ष) भागा, 0.5 असेल तर 100 तास. नोंदवहीत सूत्र लिहून ठेवा: झीज (मिमी/वर्ष) = 87.6 × वजनातली घट (मिग्रॅ) ÷ (7.86 × क्षेत्रफळ (चौ. सेमी) × तास). 7.86 ही स्टीलची घनता, ग्रॅम दर घन सेमी. 168 तासांत 120 मिग्रॅ घटलं तर 0.27 मिमी/वर्ष.

गंज काढायचं द्रावणही आधीच तयार हवं, कारण बाहेर काढलेली ओली पट्टी बघता बघता पुन्हा गंजते: थोड्या पाण्यात 500 मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, 3.5 ग्रॅम हेक्सामिन (आम्लाने धातू खाऊ नये म्हणून), मग पाणी घालून 1 लिटर. 20 ते 25 अंशांना दहा मिनिटं. कोरी पट्टीही तितकाच वेळ यात बुडवा. तिची घट उघड्या पट्ट्यांच्या घटीतून वजा करायची.