काही सुचत नसेल तेव्हा हातात काय घ्यायचं

"काहीतरी बनवावंसं खूप वाटतंय, पण सुचतच नाही." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय आणि स्वतःही इतकी वर्षं म्हणत आलेय की एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं. कोरी वही उघडायची, रंग मांडायचे, मग फोन हातात घेऊन दुसऱ्यांची सुंदर सुंदर कामं बघत बसायचं, आणि तासाभराने वही तशीच कोरी आणि वर मन खट्टू. माझ्या अनुभवाने सांगते, आधी सुचेल आणि मग हात चालतील असं होत नाही, आधी हात चालायला लागतात आणि त्यातून सुचत जातं. त्यासाठी घरात जे आहे ते पुरतं.

म्हणून पहिली विनंती, लगेच सामान खरेदीला जाऊ नका. पेन्सिल, पातळ कागद, एखादा मेणखडू, कात्री, डिंक, सुई-दोरा आणि एक खोडरबर एवढ्यावर महिना मजेत निघतो.

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे घासून ठसे घेणं. लहानपणी कागदाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासायचो ना, तेच. मॅक्स अर्न्स्ट नावाच्या चित्रकाराने १९२५ साली लाकडी जमिनीच्या फळ्यांवर कागद टाकून घासलं आणि लाकडाच्या त्या रेषांमधून त्याला एकामागून एक चित्रं दिसायला लागली, या पद्धतीला फ्रोताज म्हणतात आणि त्याने पुढे यातून बरंच काम केलं. तुम्ही काय करा, कागद वस्तूवर ठेवून एका कडेला टेपने चिकटवा म्हणजे तो सरकणार नाही, मेणखडूचं कव्हर काढा आणि खडू आडवा धरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. टोकाने घासलंत तर नुसत्या रेघोट्या येतात. झाडाचं पान असेल तर पालथं ठेवा, शिरा मागच्या बाजूला जास्त उठावदार असतात. टोपलीची वीण, चपलेचा तळ, पंख्याची जाळी, स्वेटरची कडा, जे खरखरीत लागेल ते घ्या. वीस-पंचवीस ठसे झाले की सगळे जमिनीवर पसरा आणि उलटसुलट फिरवून बघा. चपलेचा तळ आडवा केला की नांगरलेलं शेत दिसतं, आणि ते एकदा दिसलं की मग परत चपलेचा तळ दिसतच नाही! तिथून चित्र सुरू होतं.

लिओनार्दो दा विंचीनेही चित्रकारांसाठी लिहिलेल्या टिपणांमध्ये हेच सुचवलंय, भिंतीवरचे डाग बघत राहा, त्यात डोंगर, नद्या, लढाया, चेहरे दिसतील. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या इतक्या मोठ्या माणसालाही ओल आलेल्या भिंतीचा उपयोग होत होता.

दुसरं एक छोटं साधन बनवून ठेवा. जाडसर पुठ्ठ्याला मधोमध साधारण तीन बाय चार सेंटिमीटरची खिडकी कापा आणि त्यातून घर बघा. अख्खी खोली बघितली तर डोक्यात नुसता पसारा येतो, खिडकीतून मात्र पडद्याची एक चुणी आणि तिच्यामागची खुर्चीच्या पायाची तिरपी रेष एवढंच दिसतं, आणि तेवढं काढता येतं. पुठ्ठा डोळ्याजवळ नेला की जास्त दिसतं, लांब धरला की कमी. मी माझा वहीतच ठेवते.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका उदाहरणाने सांगते. माझा एक जुना निळा शर्ट कोपराजवळ विरला होता, टाकवत नव्हता आणि घालताही येत नव्हता. त्याच दिवसांत दुपारी खिडकीच्या गजांची सावली फरशीवर पडलेली बघितली आणि सहज खडूने तिच्या कडा आखल्या, अर्ध्या तासाने परत आखल्या, मग परत. सावली सरकत होती, तिरपी आणि लांब होत होती, आणि तीन-चार वेळा आखल्यावर फरशीवर एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची अशी काही जाळी तयार झाली की मी बघतच राहिले. ती वहीत उतरवून घेतली आणि रात्री तीच शर्टाच्या कोपरावर टाक्यांनी घातली. पांढरा दोरा, साधा धावदोरा, बाकी काही नाही. आता तो शर्ट माझा सगळ्यात लाडका आहे आणि ती जाळी नंतर मी एका पिशवीवर आणि दोन वह्यांच्या कव्हरवरही वापरली.

असं रफू तुम्हाला करायचं असेल तर थोडं तंत्र सांगते कारण इथेच बऱ्याच जणांचं बिनसतं. आतल्या बाजूने मऊ सुती ठिगळ लावा, भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर मोठं, आणि आधी मोठे कच्चे टाके घालून ते पक्कं बसवा. भरतकामाचा दोरा सहा पदरी असतो, त्यातले तीन पदर घ्या. टाका चार-पाच मिलिमीटरचा, आणि एक ओळ संपून दुसरीकडे वळताना मागच्या बाजूला दोरा किंचित सैल सोडा, घट्ट ओढलात तर कापडाला चुण्या पडतात आणि धुतल्यावर त्या आणखीच आवळतात. जपानच्या उत्तरेकडच्या थंड भागात कापूस पिकत नसे, सुती कापड मिळणं कठीण, म्हणून तिथले शेतकरी कपड्यांवर ठिगळावर ठिगळ चढवत, अशाच साध्या टाक्याने, पिढ्यानपिढ्या. त्या कपड्यांना बोरो म्हणतात आणि आज ते संग्रहालयांत जपून ठेवलेत. नुसती गरज होती हो, पण काय देखणं काम झालंय ते.

एखादी नक्षी हाती लागली की ती सलग कशी पसरवायची हेही शिकून घ्या, एकदा जमलं की व्यसन लागतं. दहा बाय दहा सेंटिमीटरचा कागद घ्या आणि मधोमध चित्र काढा, कडांना कुठेही लागू देऊ नका. कागद बरोबर मध्यावर उभा कापा, डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे सरकवा, म्हणजे आधीच्या बाहेरच्या कडा आता मध्ये एकमेकींना भिडतील, आणि मागून टेप लावा. मग तसंच आडवं कापा, वरचा खाली आणि खालचा वर, परत टेप. आता तुमचं चित्र चार कोपऱ्यांत गेलं आणि मध्ये मोकळी जागा आली, ती भरा, यावेळीही कडांना न लागता. झालं. या चौकोनाच्या कितीही कॉप्या शेजारी शेजारी ठेवा, सांधा दिसणार नाही. छोटी नक्षी असेल तर खोडरबरावर कोरून शिक्का करा, त्यासाठी मऊ पेन्सिलने ट्रेसिंग पेपरवर काढा, कागद रबरावर पालथा ठेवून नखाने घासा, चित्र उलटं उमटेल आणि छापताना आपोआप सुलट येईल. अक्षरं असतील तर हे विसरू नका.

टाकाऊ वस्तूंबद्दल माझं एकच म्हणणं आहे, त्या बघताना त्यांचं नाव विसरा. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, सीट तीच होती, फक्त त्याला ती सीट दिसली नाही. विणकाम कलाकार ॲनी अल्बर्सने १९४० च्या सुमारास अलेक्झांडर रीडबरोबर सिंकच्या जाळीला पेपरक्लिपा अडकवून नेकलेस केला होता. तेव्हा बटणं, वायरचे तुकडे, पाकिटांच्या आतली छापील नक्षी, जुनी तिकिटं हे एका डब्यात टाकत जा, पण डबा एकच ठेवा, भरला की त्यातलं काहीतरी वापरल्याशिवाय नवीन टाकायचं नाही. नाहीतर नुसता साठा वाढतो.

रंगांचंही तसंच. कुठले रंग घेऊ म्हणून अडायला होत असेल तर एक वाळलेलं पान घ्या आणि त्यात दिसणारा प्रत्येक रंग मिसळून शेजारी छोटा चौकोन रंगवा. तपकिरी एवढंच वाटतं, पण सात-आठ रंग सहज निघतात, कडेला जांभळट, देठाशी पिवळसर हिरवा. आणि तोच करडा रंग काळ्यावर ठेवला तर उजळ दिसतो, पांढऱ्यावर ठेवला तर गडद, म्हणून रंग एकटा बघून ठरवू नका, शेजारच्यासोबत बघा.

फार गोष्टी एकदम करू नका हे मात्र कळकळीने सांगेन. जॉर्जो मोरांडी नावाच्या इटालियन चित्रकाराने बोलोन्या शहरातल्या आपल्या घरात राहून त्याच त्या बाटल्या आणि भांडी आयुष्यभर रंगवली. आपण निदान आठवडाभर तरी एक वस्तू धरूया, किल्ली म्हणा, कात्री म्हणा. एक दिवस कागदाकडे न बघता नुसती बाह्यरेषा काढा, एक दिवस फक्त तिच्याभोवतीची मोकळी जागा रंगवा, एक दिवस रंगीत कागद कापून करा, एक दिवस टाक्यांनी. रोज पंधरा मिनिटं. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, तेव्हा सोडू नका, कारण सोपं-सोपं सगळं काढून झालेलं असतं आणि खरं बघणं तिथून पुढे चालू होतं.

कागद कापून काम करत असाल तर लगेच डिंक लावू नका. फ्रेंच चित्रकार आंरी मातीसचं १९४१ मध्ये मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतरच्या वर्षांत तो रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रं करायला लागला, आणि ते तुकडे आधी पिनांनी भिंतीवर लावले जात, मग हलवून हलवून त्यांची जागा ठरे. तुम्हीही दोन दिवस पिनांवर राहू द्या, येता-जाता बघा, सकाळच्या उजेडात एक तुकडा नको वाटतो आणि रात्री दिव्याखाली तोच हवा वाटतो.

आणि रोज उठताना काम अर्धवट ठिकाणी थांबवा. ओळ पूर्ण करायचा मोह होतो, पण मध्येच सोडा, सुईत पुढचा दोरा ओवून ती कापडात खोचून ठेवा आणि सगळं डोळ्यांसमोर राहील असं टेबलावरच असू द्या, कपाटात नाही. घरात लहान मूल असेल तर तेवढी सुई झाकणाच्या डबीत.