सरत्या वसंतातील भाजीपाला आणि फुलझाडे

वसंत सरत आला की बागेत दोन ऋतूंची झाडे शेजारी-शेजारी उभी असतात. पालक, मुळा आणि कोथिंबीर यांना वाढते ऊन सोसत नाही, तर टोमॅटो, मिरची आणि काकडी त्याच उन्हावर जोम धरतात. तुऱ्यावर आलेल्या पालकाला पाणी घालत बसण्यापेक्षा तो उपटून वाफा मोकळा करावा. कोथिंबिरीची दोन-तीन झाडे मात्र फुलू द्यावीत, कारण तिच्या बारीक फुलांवर मित्रकीटक येतात आणि त्यांतील काहींच्या अळ्या मावा ही रस शोषणारी बारीक कीड फस्त करतात. घरात वाढवलेली रोपे एकदम उन्हात लावू नयेत. आधी सावलीत व नंतर सकाळच्या कोवळ्या उन्हात, दररोज थोडा अधिक वेळ याप्रमाणे 7 ते 10 दिवस ती बाहेर ठेवून मगच लावावीत.

या दिवसांतील सर्वाधिक चुका पाण्याच्या असतात आणि त्या बहुधा हौसेपोटी होतात. रोज संध्याकाळी वरवर शिंपडलेले पाणी मातीचा वरचा थरच भिजवते, त्यामुळे मुळे वरच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हात झाड माना टाकते. त्याऐवजी बोट सुमारे 5 सेंटिमीटर मातीत खुपसून पाहावे आणि तेथे कोरडे लागले तरच, शक्यतो सकाळी, आळ्यात मुळांपर्यंत मुरेल असे सावकाश पाणी द्यावे. कुंड्या लवकर सुकतात, म्हणून त्या रोज तपासाव्यात. टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडू लागले की अनेकजण कॅल्शियमयुक्त खताकडे धावतात. प्रत्यक्षात कॅल्शियम बहुधा मातीत पुरेसे असते, पण कधी कोरड तर कधी चिखल अशा पाण्यामुळे फळापर्यंत पोहोचत नाही. ओलावा टिकवण्यासाठी वाळलेल्या पाल्याचे किंवा गवताचे 5 ते 7 सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे, मात्र खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर खोड कुजते.

खताच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. नत्र जास्त झाले की पाने गर्द हिरवी दिसतात आणि फुले रुसतात. उंच वाढणाऱ्या टोमॅटोची बगलफूट, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यात फुटणारा कोंब, बोटाएवढी होण्याआधीच खुडावी, पण झुडपासारख्या ठेंगण्या वाणांना हात लावू नये. काकडी-भोपळ्याची पहिली फुले गळाली तरी घाबरू नये, कारण ती बहुतेक नरफुलेच असतात. पुढे मादीफुले येऊनही मधमाश्या दिसत नसतील, तर सकाळी नरफुलातील परागकण मऊ कुंचल्याने मादीफुलाला लावावेत.

झेंडू व झिनिया यांची कोमेजलेली फुले देठासह खुडल्यास बी धरण्यात जाणारी शक्ती नव्या कळ्यांकडे वळते. कंदवर्गीय फुलझाडांची पाने मात्र फुले संपल्यावरही कापू नयेत. ती कितीही अस्ताव्यस्त दिसली तरी पुढच्या वर्षीचे अन्न तीच कंदात साठवत असल्याने, पिवळी पडून आपोआप वाळेपर्यंत तशीच ठेवावीत.

तणे फुलावर येण्यापूर्वीच खुरपावीत. मावा पानांच्या खालच्या बाजूला आणि कोवळ्या शेंड्यांवर दडतो, आणि मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की तेथे तो असण्याची शक्यता दाट असते. आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा. तेवढ्याने भागले नाही तर एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर सौम्य द्रवसाबण मिसळून तो प्रथम एखाद्या पानावर फवारावा, दुसऱ्या दिवशी ते पान करपलेले नसल्यास ऊन उतरल्यावर सगळ्या झाडावर फवारावा, आणि दोन-तीन दिवसांनी पाने उलटून पुन्हा पाहावे.