पाळणाघरात लहानग्यांना दम्याचा पंप (इनहेलर) द्यायचा तर

घरी पाळणाघर चालवत असाल तर आधी आईबाबांकडून लेखी घ्या, कुठला पंप, किती पफ (म्हणजे किती वेळा दाबायचा), कधी, आणि डॉक्टरांची चिठ्ठी पण, नुसतं फोनवर "द्या हो ताई" चालवून घेऊ नका.

लहान मुलांना मास्कवाला स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी, औषध त्यातून श्वासाबरोबर आत जातं) लागतोच. पोराला मांडीवर ताठ बसवा, पंप नीट हलवा, स्पेसरला लावा, मास्क नाकातोंडावर घट्ट बसवा (कडेने हवा गेली की औषध वाया), एकदाच दाबा आणि शांतपणे 5-6 श्वास होऊ द्या, मास्कची झडप हलताना दिसते ती मोजायची. दुसरा पफ असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, परत हलवून.

रडतंय म्हणून औषध जास्त आत जातं हा गैरसमज, उलट कमी जातं. मी आधी रिकामा मास्क बाहुलीला लावते, मग पोरं स्वतःच तोंड पुढे करतात.

स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर तोंड धुवा, चेहरा पुसा. वेळ लगेच वहीत लिहा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळवा, पुसू नका.

फासळ्या आत ओढल्या जातायत, ओठ निळसर दिसतायत? लगेच अ‍ॅम्ब्युलन्स, आईबाबांना फोन त्यानंतर.