स्क्रबरचं पाणी समुद्रात सोडताना या चुका टाळा

टर्बिडिटीचा, म्हणजे पाण्याच्या गढूळपणाचा अलार्म वाजला की ज्युनिअरचा एक हात रिसेटवर जातो आणि दुसरा चीफ इंजिनिअरच्या फोनवर. पाणी बिघडलंय की मीटर, हे बघायचं मात्र राहून जातं. गड्ड्याच्या यात्रेला सुट्टी जुळवून सोलापुरात आलेली जहाजावरची पोरं स्क्रबरच्या, म्हणजे इंजिनचा धूर धुणाऱ्या यंत्राच्या नावाने खडे फोडतात. खोदून विचारलं की बऱ्याचदा दोष सॅम्पल लाइनचा, म्हणजे मीटरकडे पाणी नेणाऱ्या नळीचा निघतो.

१ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनात ०.५० टक्क्यापेक्षा जास्त गंधक चालत नाही. जास्त गंधकाचं स्वस्त तेल जाळायचं असेल तर धूर स्क्रबरमध्ये पाण्याने धुवावा लागतो. धुतल्यावर ते पाणी आम्ल होतं, त्यात काजळी आणि तेलाचे अंश उतरतात. म्हणून बाहेर सोडताना पीएच, टर्बिडिटी आणि पीएएच (तेल-काजळीतली घातक संयुगं) सतत मोजायचं.

टर्बिडिटीत बघायचा असतो तो फरक. बाहेर जाणारं पाणी आत आलेल्या पाण्यापेक्षा २५ एफएनयूहून (गढूळपणाचं एकक) जास्त गढूळ नको, तेही १५ मिनिटांच्या सरासरीत. आता इनलेटच्या सॅम्पलचा कॉक कोणी बंद ठेवला आणि सेन्सरमध्ये जुनं नितळ पाणी तसंच अडकून राहिलं, तर नदीच्या मुखाशी गढूळ पाण्यात शिरताच फरक फुगतो आणि खापर आउटलेटवर फुटतं. दुसरा चोर म्हणजे हवा. बारीक बुडबुडेसुद्धा मीटरला गाळासारखेच दिसतात. काचेच्या बाटलीत सॅम्पल घ्या आणि थोडा वेळ उजेडात ठेवा. पाणी खालून वर स्वच्छ होत गेलं तर हवा आहे, डीबबलर (बुडबुडे काढणारं भांडं) आणि सॅम्पलचा फ्लो तपासा. काळं तळाशी बसलं तर मात्र पाणी खरंच बिघडलंय. मग इंजिनचं ज्वलन बघा. गळका इंजेक्टर पीएएचही वर चढवतो.

काही जण अलार्म गप्प करायला डायल्यूशनचं, म्हणजे पातळ करायला मिसळायचं पाणी वाढवतात. पीएच त्याने सुधारतो, पण पीएएच आणि टर्बिडिटी डायल्यूशनच्या आधीच मोजायची असते. ती त्याने खाली आलेली दिसली, तर सेन्सरच चुकीच्या जागी बसलाय.

पीएच ६.५ च्या खाली गेला तर आधी नकाशा उघडा. ओपन लूपमध्ये, म्हणजे समुद्राचं पाणी एकदा वापरून परत सोडताना, आम्ल मारतो तो त्या पाण्यातला अल्कधर्मीपणा, आणि युरोपातल्या बाल्टिक समुद्रासारख्या कमी खाऱ्या पाण्यात तो कमी असतो. पाण्याचा फ्लो वाढवा, लोड कमी करा, नाहीतर क्लोज्ड लूपवर जा.

क्लोज्ड लूपमध्ये तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं, आणि आम्ल मारायला भरवसा कॉस्टिकवर. सोलापूरच्या डाय हाउसमध्ये (कापड-सूत रंगवण्याच्या कारखान्यात) कॉस्टिक सोडा पाहिलेल्या पोराला वाटतं, यात नवं काय? नवं आहे ते थंडीचं. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या गावात हे कधी कळत नाही, पण ५० टक्के कॉस्टिक साधारण १२ अंशाला गोठायला लागतं. पाइप गरम ठेवणारं हीट ट्रेसिंग बंद पडलं की आत खडे धरतात, पीएच घसरतो आणि पोरगं डोसिंग पंपाचा स्ट्रोक वाढवत बसतं. आधी पाइपला हात लावून बघा. हातमोजा आणि चष्मा घालूनच, कॉस्टिक कातडी सोलतं.

ओव्हरबोर्ड व्हॉल्व्ह (पाणी समुद्रात सोडणारा) आणि जहाजाच्या पत्र्यामधला छोटा पाइप सगळ्यांत दुर्लक्षित. आतलं कोटिंग वेल्डपाशी सुटलं की आम्ल पाणी लोखंड खातं, आणि ते भोक व्हॉल्व्हच्या बाहेरच्या बाजूला असल्याने व्हॉल्व्ह बंद करून समुद्र थांबत नाही. जाडी नियमित मोजा. ड्रायडॉकमध्ये हा पाइप उघडून बघायला लावा, सुपरिंटेंडंट कुरकुरला तरी.

स्क्रबरचा गाळ इन्सिनरेटरमध्ये टाकू नका, समुद्रातही नाही. बंदरावर द्या, नोंद ठेवा.

बंदरांचे स्थानिक नियम व्हॉयेज प्लॅनमध्येच लिहून काढा. सिंगापूरच्या बंदरात २०२० पासून ओपन लूपचं पाणी सोडता येत नाही. डेन्मार्कने १ जुलै २०२५ पासून १२ सागरी मैलांच्या आत ते बंद केलंय. तिथे कमी गंधकाच्या तेलावर जायचं तर इंधन बदलायला वेळ लागतो, बंदराचा पायलट (वाटाड्या) चढल्यावर आठवून उपयोग नाही.

बिघाड एक तासापेक्षा लांबला किंवा पुन्हा पुन्हा होऊ लागला, तर फ्लॅग स्टेटला (जहाज नोंदलेल्या देशाला) आणि पोर्ट स्टेटला (बंदराच्या देशाला) कळवायचं असतं. सिस्टिमचा डेटा १८ महिने जपावा लागतो. इन्स्पेक्टर आधी तोच मागतो आणि रेकॉर्ड बुकातल्या वेळांशी जुळवून बघतो.