पोर्टेबल गॅस डिटेक्टर चुकतो कुठे? या चुका टाळा

इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरांचा (वायूशी रासायनिक अभिक्रिया होऊन विद्युत संकेत देणाऱ्या सेन्सरांचा) संच आणि त्यांच्या संकेतांवरून रसायन ओळखणारा अल्गोरिदम यांची जोड असलेले उपकरण चुकीचे उत्तर देऊ लागले की बहुतेकांचा संशय अल्गोरिदमवर जातो. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुधा त्याआधीच, नमुने गोळा करताना शिरलेला असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एका दिवशी एकच वायू तपासणे. सोमवारी कार्बन मोनॉक्साइड, मंगळवारी हायड्रोजन सल्फाइड, बुधवारी अमोनिया अशी सोयीची आखणी केली की प्रत्येक वायूच्या नोंदींना त्या त्या दिवसाचे तापमान, आर्द्रता आणि सेन्सरचा ड्रिफ्ट (काळानुसार रीडिंगचे हळूहळू सरकणे) चिकटतो. पुढे सगळ्या नोंदी एकत्र मिसळून त्यांतला पाचवा हिस्सा चाचणीसाठी काढला आणि उरलेल्या नोंदींवर अल्गोरिदम शिकवला, तर चाचणीतही तेच दिवस येतात आणि अचूकता फसवी, उत्तम दिसते. पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत असे तयार केलेले आमचे मॉडेल, म्हणजे शिकवलेला अल्गोरिदम, जुलैत भोसरीच्या एका कारखान्यात नेले, तेव्हा ते स्वच्छ हवेलाच अमोनिया म्हणू लागले. मॉडेल वायूऐवजी वार शिकले होते! तेव्हापासून आम्ही एकाच दिवशी सर्व वायू उलटसुलट क्रमाने देतो, दोन वायूंच्या मध्ये स्वच्छ हवा सोडतो आणि चाचणीसाठी काही संपूर्ण दिवस बाजूला ठेवतो; अचूकतेचा आकडा घसरतो, पण तो खरा असतो.

आर्द्रतेकडेही दुर्लक्ष होते. अनेक सेन्सरांत इलेक्ट्रोलाइट (वीज वाहून नेणारा द्रव) म्हणून सल्फ्युरिक आम्ल असते. ते दमट हवेत पाणी शोषते आणि कोरड्या हवेत गमावते, त्यामुळे सेन्सरचा प्रतिसाद बदलतो. शिवाय वातानुकूलित खोलीतून पावसाळी हवेत उपकरण एकदम बाहेर काढले की रीडिंग क्षणभर उसळते, म्हणून ते स्थिरावेपर्यंत नोंद घेऊ नये आणि झिरोही करू नये (म्हणजे त्या क्षणाचे रीडिंग शून्य धरू नये).

कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर हायड्रोजनला आणि अल्कोहोलच्या वाफेलाही प्रतिसाद देतो. सहकाऱ्याने सॅनिटायझर चोळलेल्या हातांनी उपकरण उचलले आणि आकडा भराभर चढला, हे मी स्वतः पाहिले आहे. एका सेन्सरने अनेक वायूंना देण्याच्या या परस्पर प्रतिसादावरच नमुना-ओळख, म्हणजे सगळ्या सेन्सरांच्या एकत्रित संकेतांवरून वायू ओळखणे, उभी असल्यामुळे तो दडपण्याचा खटाटोप करू नये. बॅटरी चार्जिंगच्या खोलीतला हायड्रोजन, सफाईचे द्रव असे जागेवर हमखास भेटणारे पदार्थ प्रशिक्षणातच घ्यावेत.

बायस (इलेक्ट्रोडांमध्ये सतत ठेवलेला ठरावीक व्होल्टेज) न लागणारे सेन्सर उपकरण बंद असताना शॉर्ट करून, म्हणजे त्यांचे इलेक्ट्रोड एकमेकांना थेट जोडून ठेवावेत, नाहीतर चालू केल्यावर स्थिरावायला तासन्‌तास जातात. नायट्रिक ऑक्साइडच्या सेन्सरसारख्या बायस लागणाऱ्या सेन्सरांना उलट अखंड वीजपुरवठा हवा.

वर्गीकरण करणारा साधा अल्गोरिदम कधीही न पाहिलेल्या वाफेलाही यादीतले एखादे नाव देऊन मोकळा होतो. त्यामुळे संकेतांचा नमुना प्रशिक्षणातल्या ओळखीच्या वायूंच्या नोंदींच्या समूहांपासून ठरावीक मर्यादेपलीकडे असेल, तर पडद्यावर ‘ओळख पटली नाही’ असेच उमटले पाहिजे. कारण ते उत्तर वाचणारा माणूस कदाचित त्याच वाफेत उभा असतो.